कॉलेजातला बंद पडलेला कोडिंग क्लब पुन्हा उभा करताना

प्रश्न थोडक्यात असा. गोवा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात बीसीएच्या तिसऱ्या सेमिस्टरला असलेल्या एका विद्यार्थिनीला कॉलेजचा प्रोग्रामिंग क्लब पुन्हा सुरू करायचाय. दोन वर्षांपूर्वी एक हॅकेथॉन (सलग बसून काहीतरी प्रोग्राम बनवण्याची स्पर्धा) झाली, त्यानंतर काहीच नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १८० जण आहेत आणि शेवटचा मेसेज कुणाच्या तरी वाढदिवसाचा. इन्स्टाग्रामचा पासवर्ड पास आऊट झालेल्या कुणाकडे तरी आहे. एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात, ‘प्रस्ताव आणा, बघू.’ सोबत चार मित्रमैत्रिणी तयार आहेत. सुरुवात मोठ्या हॅकेथॉनने करावी का, आणि नाव-लोगो नवा घ्यावा का, असं त्यांनी विचारलंय.

हॅकेथॉनने तर नकोच. पुष्कळ क्लब हॅकेथॉननंतरच बंद पडतात. महिनाभर पोस्टर, प्रायोजक, जेवण आणि सर्टिफिकेटं यांत राबलेली मुलं बहुधा एकाच बॅचची असतात. ती दमतात, त्यांचं शेवटचं वर्ष येतं, प्रोजेक्ट येतो, आणि मागे उभं राहायला खालच्या वर्गातलं कुणी तयार झालेलं नसतं, कारण वर्षभर क्लबात कार्यक्रमच झाले, नेहमीचं बसणं झालंच नाही. क्लब म्हणजे आठवड्यातला एक ठरलेला वार, ठरलेली वेळ, उघडी असलेली एक खोली आणि त्या दिवशी सोडवायला तयार ठेवलेला एक प्रश्न. एवढं आठ वेळा न चुकता झालं की क्लब सुरू झाला असं समजा. टी-शर्ट, उद्घाटन, पाहुणे हे पुढचं पुढे.

पहिला आठवडा जुन्या लोकांना गाठण्यात घालवा, पण एकच आठवडा. त्यांना विचारायचं एवढंच: शेवटी शेवटी किती जण येत होते, लॅब कुणाच्या शब्दावर मिळत होती, पैशांचं देणं-घेणं काही राहिलंय का, आणि कोणती खाती कुणाच्या नावावर आहेत. पैशांचा प्रश्न संकोचामुळे राहून जातो, आणि नेमकं तेच एचओडींच्या ‘बघू’मागचं कारण असू शकतं. बॅनरवाल्याचं बिल ऑफिसात अडकलेलं असेल, नाहीतर बक्षिसाची रक्कम कुणीतरी खिशातून भरलेली असेल. ते आधी कळलं तर प्रस्ताव घेऊन जाताना तोंडघशी पडणार नाही.

खात्यांपैकी गिटहबची (कोड साठवायच्या संकेतस्थळावरची) ऑर्गनायझेशन, म्हणजे क्लबचं सामायिक खातं, आणि क्लबचा ईमेल एवढी दोनच जिवापाड मिळवण्यासारखी. जुन्या मालकाला ऑर्गनायझेशनमध्ये तुमच्यापैकी दोघांना ‘ओनर’ करायला सांगा. एकाला नव्हे, दोघांना, कारण एकाचा फोन हरवला आणि टू-फॅक्टर लॉगिनचे (पासवर्डशिवाय फोनवरचा कोडही मागणाऱ्या) रिकव्हरी कोड लिहून ठेवलेले नसले की पुन्हा तेच रडगाणं. इन्स्टाग्राम आठ दिवसांत मिळालं तर ठीक, नाहीतर सोडून द्या. वेबसाइटचं डोमेन मुदत संपून गेलं असेल तर कॉलेजच्या संकेतस्थळावरचा त्याचा दुवा आधी काढून घ्या. सुटलेली डोमेन दुसरेच उचलतात आणि कॉलेजच्या पानावरून जुगाराच्या साइटवर जाणारा दुवा म्हणजे प्राचार्यांच्या केबिनचं बोलावणं. १८० जणांच्या ग्रुपला हात लावू नका. त्यातले बरेच जण आता नोकरीला असतील. नवा ग्रुप काढा आणि त्याचा क्यूआर फक्त बैठकीच्या खोलीत लावा. जो येईल तोच ग्रुपमध्ये, म्हणजे ग्रुपातली संख्या आणि खोलीतली संख्या यांचा काही मेळ राहतो.

प्रस्ताव एका पानाचा हवा. त्यात पैसे मागू नका. एचओडींना खोली देण्याचं फारसं ओझं वाटत नाही. धास्ती असते ती पैशांची, आणि काही बिघडलं तर जबाबदारी कुणाची याची. म्हणून अर्जात लिहा: कोणती लॅब, कोणता वार, किती ते किती, किती मशीन, हजेरीची वही कोण ठेवणार, एसी आणि दिवे बंद करून चावी कोण परत देणार, पाच जणांची नावं आणि रोल नंबर. आणि मुदत घाला: ‘या सेमिस्टरपुरती आठ गुरुवारांची परवानगी.’ कायमची परवानगी मागितली की ती फाईल वर जाते आणि वरच राहते. आठ गुरुवारांची परवानगी एचओडी स्वतःच्या सहीने देऊ शकतात.

समन्वयक म्हणून जे सर किंवा मॅडम घ्याल ते कायमस्वरूपी नेमणुकीवरचे हवेत. लेक्चर बेसिसवरचे (तासिका तत्त्वावरचे) तरुण शिक्षक उत्साही असतात, तंत्रज्ञानही त्यांचं ताजं असतं, पण पुढच्या जूनमध्ये ते त्याच कॉलेजात असतील याची खात्री त्यांनाही नसते. त्यांना प्रश्न काढायला, शिकवायला जरूर बोलवा. सही कायमस्वरूपी माणसाची ठेवा. आणि अर्ज देण्याआधी लॅब असिस्टंटना भेटा. चावी त्यांच्याकडे, मशीनचा ॲडमिन पासवर्ड त्यांच्याकडे, आणि पाचला त्यांना घरी जायचं असतं. त्यांना विचारून वेळ ठरवली तर क्लब चालतो. एचओडींची सही दाखवून वेळ लादली, तर दर गुरुवारी चावी सापडत नाही.

वार गुरुवारच का, ते सांगतो. सोमवारी-शुक्रवारी सुट्ट्या जोडून येतात. शुक्रवारी होस्टेलवाले आणि काणकोण, सत्तरी, पेडण्याकडची मुलं घराकडे लागलेली असतात. शिवाय कोडशेफ या प्रोग्रामिंग स्पर्धांच्या संकेतस्थळाची ‘स्टार्टर्स’ स्पर्धा बुधवारी रात्री आठला असते. घरून भाग घ्यायचा आणि गुरुवारी एकत्र बसून न सुटलेले प्रश्न सोडवायचे, असा तो मेळ बसतो. वेळ साडेतीन ते पाच. संध्याकाळी सहा ते आठ बसणारे क्लब निवासी कॅम्पसवर चालतात. झुआरीनगरला बिट्समध्ये किंवा कुंकळ्ळीच्या एनआयटीत मुलं तिथंच राहतात, त्यांना रात्र आपली. आपल्या संलग्न कॉलेजांत निम्मा वर्ग कदंबच्या किंवा खासगी बसने येतो. आधी बसची वेळ बघा, मग क्लबची ठरवा. जुलै-ऑगस्टच्या पावसात अंधारून आल्यावर मुलगी स्टँडवर थांबलीय म्हटल्यावर घरचे दुसऱ्या आठवड्यापासून क्लब बंद करतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं नाही.

कॅलेंडर आधीच कोरून घ्या. पहिल्या सत्रात हातात आठ-नऊच गुरुवार लागतात. चवथीची (गणेश चतुर्थीची) सुट्टी धरा (२०२६ मध्ये चवथ १४ सप्टेंबरला आहे), तिच्या आधीचा आठवडाही गेलाच समजा, आयएसएचे (सत्रातल्या अंतर्गत चाचण्यांचे) आठवडे वगळा, दिवाळीच्या तोंडावर नरकासुराचे पुतळे बांधण्यात रमलेली पोरं कुठल्याच क्लबला सापडणार नाहीत. त्यानंतर सबमिशन आणि एसईए, म्हणजे सत्राची शेवटची परीक्षा. दुसऱ्या सत्रात कार्निव्हल, शिगमो (शिमगा) आणि कॉलेजचा फेस्ट. ‘दर गुरुवारी’ अशी जाहिरात करून चार गुरुवार रद्द करण्यापेक्षा आठ तारखा छापून त्या आठही पाळा. रद्द झालेल्या दोन बैठका सलग आल्या की तिसऱ्याला खोली रिकामी असते. पहिली बैठक प्रथम वर्षाचे वर्ग सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी ठेवा. त्याआधी ती मुलं कागदपत्रं आणि बसपास यांतच असतात.

आता मशीन. लॅबमध्ये २० पीसी असतील तर बैठकीच्या आदल्या दिवशी वीसच्या वीस चालू करून बघा. पायथॉन आहे का, कोणती आवृत्ती, सी-प्लस-प्लसचा कंपायलर (लिहिलेला कोड चालण्याजोगा करणारा प्रोग्राम) खरोखर चालतो का, की नुसता आयकॉन आहे. जे लागेल ते पेन ड्राइव्हवर आणा. १०० एमबीचा इन्स्टॉलर ३० जणांनी एकाच वेळी उतरवायचा म्हणजे ३ जीबी, आणि कॉलेजचं नेट त्यातच बसतं. कॉलेजच्या फायरवॉलमध्ये पोर्ट २२ (एसएसएच या सुरक्षित जोडणीची नेहमीची वाट) बंद असेल तर गिटहबला एसएसएचने जोडता येत नाही. एचटीटीपीएस (ब्राउझर वापरतो ती वाट) वापरा, किंवा एसएसएच ४४३ पोर्टावरून नेण्याची गिटहबची सोय वापरा. पण पहिल्या बैठकीत गिटचं (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या, गिटहबमागच्या साधनाचं) नावसुद्धा काढू नका. पहिल्या दिवशी अर्धा तास इन्स्टॉलेशनमध्ये गेला की निम्मे लोक परत येत नाहीत. वीज जाणारच हे धरून चाला: फळा, खडू आणि छापलेले प्रश्न सोबत असू द्या.

पहिल्या बैठकीला काय करायचं? ‘पायथॉनची ओळख’ नको, ती त्यांनी यूट्यूबवर बघितलीय. शाळेत केअर्स या राज्याच्या कोडिंग-रोबोटिक्स योजनेतून स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा) हाताळलेली मुलंही आता हळूहळू कॉलेजात पोचतील. त्यांना पहिल्या दिवशी ‘व्हेरिएबल म्हणजे डबा’ सांगितलंत तर ती उठून जातील. असा प्रश्न हवा की जो नवख्याला कळेल आणि जाणत्यालाही अडवेल. आपल्या लिपीतच तो पडलेला आहे.

फळ्यावर ‘म्हापसा’ लिहा आणि विचारा, किती अक्षरं? सगळे म्हणतील तीन. मग पायथॉनमध्ये त्या शब्दाची लांबी मोजायला लावा. उत्तर येतं सात. एव्हाना मागच्या बाकावरचे पुढे सरकतात. सीमध्ये, फाईल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) ठेवून, तोच शब्द मोजला की २१, कारण तिथं बाइट मोजले जातात. तीन, सात, एकवीस, आणि तिन्ही उत्तरं बरोबर. म, हलन्त, ह, काना, प, स, काना असे सात कोडपॉइंट (युनिकोडने, म्हणजे लिप्यांच्या जागतिक क्रमांक-यादीने, दिलेले क्रमांक), यातला प्रत्येक कोडपॉइंट यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा, म्हणून एकवीस. आता शब्द उलटा करायला सांगा. स्ट्रिंग उलटवण्याचा जो एका ओळीचा उपाय सगळ्यांना पाठ असतो, त्याने सुरुवातीलाच एक निराधार काना टिंबांच्या वर्तुळाला लटकलेला दिसतो. हे दुरुस्त कसं करायचं, हा पाऊण तासाचा ऐवज आहे. नवख्यांनी मात्रा आणि हलन्त ओळखून गट पाडायचे. जाणत्यांनी जोडाक्षरं सांभाळायची.

वेळ उरला तर साखळी, सावर्डे, साळावली ही तीन नावं क्रमाने लावायला द्या. संगणक देतो साखळी, साळावली, सावर्डे, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या शेजारी, व च्या आधी बसवलाय. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. म्हणजे बरोबर क्रम साखळी, सावर्डे, साळावली. ‘मराठी यादी संगणकाने चुकीची लावली’ हे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याला सॉर्टिंगमधलं तुलनेचं फंक्शन वेगळं शिकवावं लागत नाही.

भाषेचंही इथंच सांगतो. खोलीत कोकणी, मराठी, इंग्रजी, मध्येच हिंदी असं सगळं चालू द्या. प्राथमिक शाळा मराठीतून किंवा कोकणीतून केलेली पुष्कळ मुलं इंग्रजी वाचतात ठीक, पण शंका इंग्रजीत विचारायची वेळ आली की गप्प बसतात. तुमचं बोलणं पूर्ण इंग्रजीत असलं तर ती मुलं महिन्याभरात गळतील आणि तुम्हाला वाटेल त्यांना रस नव्हता.

दर बैठकीला तीन प्रश्न: एक पंधरा मिनिटांत सर्वांना सुटणारा, एक चाळीस मिनिटं झुंजवणारा, एक घरी न्यायचा. नवख्यांच्या दर सहा जणांमागे एक मदतनीस. मदतनिसाला एकच नियम, दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. हा नियम मोडला जातोच, कारण मदतनीस तिसऱ्या सेमिस्टरचा असतो आणि त्याला दाखवायचं असतं. त्याला हात पाठीमागे बांधून उभं राहायला सांगा, गंमत म्हणून का होईना. पहिल्या दिवशी चाळीस आले तर चौथ्या बैठकीपर्यंत अर्धेअधिक गळतील. घाबरून जाऊन पोस्टर छापू नका. बारा-पंधरा ठरलेली माणसं हा चांगला क्लब आहे.

चौथ्या-पाचव्या बैठकीला स्वतःची छोटी स्पर्धा घ्या: ९० मिनिटं, चार प्रश्न. कोडफोर्सेस या स्पर्धांच्या संकेतस्थळावर खासगी ग्रुप काढून तिथले जुने प्रश्न निवडून ‘मॅशअप’ (जुन्या प्रश्नांची जुळवलेली स्पर्धा) लावता येतं, फुकट, उत्तरं तपासणाऱ्या टेस्टसह. डोमजजसारखी स्पर्धेतली उत्तरं तपासणारी यंत्रणा स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचा मोह पहिल्या वर्षी आवरा. तिची देखभाल करणारा मुलगा पास आऊट झाला की ती एक नवीच बंद पडलेली गोष्ट होते. चारांपैकी तीन प्रश्न तयार घ्या, एक स्वतः काढा. स्वतः प्रश्न काढणं हेच क्लबातलं सगळ्यात मोठं शिक्षण आहे, आणि सगळ्यात जास्त फजितीही तिथंच होते. म्हणून एक उदाहरण सविस्तर देतो.

समजा प्रश्न काढला: ‘रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी वाहनं रांगेत उभी आहेत. प्रत्येकाचं वजन दिलंय, फेरीची क्षमता दिलीय. किती फेऱ्या लागतील?’ सोपा वाटतो. रांगेतून एकेक वाहन घ्या, मावतंय तोवर भरा, मावेनासं झालं की नवी फेरी. आता कुणीतरी हात वर करून विचारेल, ‘मोठा ट्रक मावत नसला तर मागची स्कूटर पुढे जाऊ शकते का?’ धक्क्यावर तर जातेच, सगळ्यांनी पाहिलंय. पण ती परवानगी दिलीत की प्रश्न पार बदलतो. कमीत कमी फेऱ्या काढणं म्हणजे मग ‘बिन पॅकिंग’ (वस्तू कमीत कमी डब्यांत बसवण्याचा प्रसिद्ध प्रश्न), आणि मोठ्या संख्यांसाठी त्याचं अचूक उत्तर झटपट देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. एक वाक्य राहिलं, ‘रांग मोडता येणार नाही’, आणि पंधरा मिनिटांचा प्रश्न संशोधनाचा विषय झाला.

दुसरी गफलत. एखाद्या वाहनाचं वजन क्षमतेपेक्षाच जास्त असेल तर? वरची रीत लूपमध्ये लिहिणाऱ्याचा प्रोग्राम नव्या नव्या फेऱ्या काढत बसतो, थांबतच नाही. म्हणून मर्यादा लिहायच्या: प्रत्येक वजन क्षमतेइतकंच किंवा कमी.

तिसरी सगळ्यात लबाड. वाहनं दोन लाखांपर्यंत आणि वजन ५०,००० किलोपर्यंत ठेवलंत. एखाद्याने सुरुवातीपासूनच्या बेरजा साठवत जाऊन उत्तर काढलं तर शेवटची बेरीज १,००० कोटींपर्यंत जाते. सी-प्लस-प्लसमधला साधा ‘इंट’ (पूर्णांक साठवायचा प्रकार) २,१४,७४,८३,६४७ ला, म्हणजे २१५ कोटींच्या आतच, संपतो. नमुन्यात पाच वाहनं, त्यामुळे तिथं सगळं बरोबर. मोठ्या टेस्टला बेरीज एकदम उणे. हे मुलांना शिकायला छानच आहे. पण प्रश्न काढणाऱ्याच्या स्वतःच्या उत्तरातही तोच ‘इंट’ असेल तर टेस्टचं अपेक्षित उत्तरच चुकीचं साठवलं जातं, आणि ज्यांचं बरोबर आहे तेच नापास होतात. अशी एक स्पर्धा झाली की चांगली पोरं क्लबावरचा विश्वास गमावतात.

यावर उपाय असा की प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरं, म्हणजे सोडवणारे प्रोग्राम, दोन वेगळ्या माणसांनी, एकमेकांचं न बघता लिहायची; जमलं तर एक पायथॉनमध्ये, जिथे पूर्णांकाला मर्यादा नसते. त्यातलं एक अगदी बाळबोध, हळू पण नि:संशय बरोबर असं. मग आठपर्यंत वाहनं आणि दहापर्यंत वजनं असे हजारभर यादृच्छिक नमुने दोन्हींना देऊन उत्तरं ताडून पाहायची. सर्वांत मोठा नमुना मात्र पायथॉनच्या उत्तरावर वेगळा चालवा. छोट्या नमुन्यांत ‘इंट’ची चूक दिसणारच नाही. वेळेची मर्यादाही पायथॉनचं उत्तर चालवून ठरवा. अंदाज म्हणून: सी-प्लस-प्लस सेकंदाला दहा कोटी साध्या क्रिया ओढतं, पायथॉन त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आणि टेस्टच्या फाईली विंडोजवर तयार केल्या असतील तर ओळीच्या शेवटी ‘कॅरेज रिटर्न’ नावाचं एक न दिसणारं चिन्ह राहतं. पूर्ण ओळ वाचणाऱ्यांची उत्तरं त्याने बिघडतात.

गिट सहाव्या बैठकीला. प्रत्येकाने क्लबच्या रेपॉझिटरीत (गिटहबवरच्या कोडच्या साठ्यात) एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल सामावून घ्या’ अशी विनंती, द्यायची. इथली नेहमीची चूक: सगळ्यांना एकाच फाईलच्या शेवटी आपलं नाव लिहायला सांगणं. पहिल्याचं सामावलं की उरलेल्या सगळ्यांना कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोघांचे बदल भिडणं. म्हणून प्रत्येकाची वेगळी फाईल ठेवा, आणि पुढच्या आठवड्यात मुद्दाम दोघांना एकच ओळ बदलायला लावून कॉन्फ्लिक्ट सोडवणं शिकवा. लॅबच्या सामायिक मशीनवर आणखी एक पेच असतो. गिटहब ऑगस्ट २०२१ पासून पुशसाठी (कोड वर चढवण्यासाठी) साधा पासवर्ड घेत नाही. ब्राउझरमधून लॉगिन होतं आणि ते विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (लॉगिन जपून ठेवणाऱ्या सोयीत) साठून राहतं. दुपारच्या प्रॅक्टिकलला बसलेल्या मुलाच्या नावाने मग तुमचा कोड जातो. बैठकीच्या शेवटची पाच मिनिटं साठलेलं लॉगिन आणि गिटमधलं नाव-ईमेल पुसण्यासाठी राखून ठेवा. फाईलीत फोन नंबर, रोल नंबर लिहू देऊ नका, रेपॉझिटरी जगाला दिसते. एपीआयची किल्ली (दुसऱ्या सेवेला जोडणारा गुप्त कोड) चुकून चढली तर ती कमिट (गिटमधली बदलाची नोंद) पुसून भागत नाही. ती किल्लीच रद्द करून नवी घ्यायची.

पुढे प्रकल्प करायचा झाला तर एकच आणि छोटा: कोणत्या तासाला कोणती लॅब रिकामी, हे दाखवणारं पान. वेळापत्रक दर सेमिस्टरला बदलतं, त्यामुळे पान दर सहा महिन्यांनी कुणीतरी हाताळतं आणि जिवंत राहतं. गिटहब पेजेस या गिटहबच्या वेबपानांच्या सोयीवर ठेवलं तर खर्च शून्य.

पैशांचं फार सांगण्यासारखं नाही. पहिलं सेमिस्टर शून्य रुपयांत होतं. चहा आणि भजी-पाव ज्याचा त्याने. वर्गणी कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर गोळा करू नका. पैसे घ्यायचेच तर कॉलेजच्या खात्यातून. तुमचं पोस्टर बघून एखादी खासगी क्लासवाली संस्था ‘मोफत वर्कशॉप’ घेऊन येईल. त्यांना हवी असते ती हजेरीतली फोन नंबरांची यादी. ती द्यायची नाही.

हॅकेथॉनची हौस दुसऱ्या वर्षी, तीही शनिवारी साडेनऊ ते दीड, म्हणजे रात्रीची परवानगी, मुलींचं घरी पोचणं, जेवण, सुरक्षारक्षक हे काहीच उपटत नाही. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या देशपातळीवरच्या सरकारी स्पर्धेला उतरायचं असेल तर संघ सहा जणांचा लागतो आणि त्यात किमान एक मुलगी हवी. कॉलेजची अंतर्गत निवडही आधी व्हावी लागते. ती निवड क्लबाने चालवली तर एचओडींनाही क्लब उपयोगाचा वाटू लागतो.

आता ज्यामुळे मागचा क्लब गेला ते: हस्तांतर. अध्यक्ष शेवटच्या सेमिस्टरचा नको. पाचव्या सेमिस्टरला मुख्य, तिसऱ्याला दोन सहायक, पहिल्याचे दोन नुसते सोबत. सूत्रं फेब्रुवारीत द्यायची, जूनमध्ये नव्हे. फेब्रुवारीत दिली तर जुने दोन-अडीच महिने आसपास असतात, अडलं तर कँटीनमध्ये सापडतात. जूनमध्ये दिली तर फक्त व्हॉट्सॲपवर ‘सीन’ होतात. एमसीएसारखा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर दर वर्षी सगळा संच बदलतो, तिथं सहायक पहिल्याच सेमिस्टरला नेमावे लागतात. क्लबचा ईमेल कॉलेजच्या डोमेनवरचा मागून घ्या. खाती, त्यांचे दोन-दोन मालक आणि रिकव्हरी कोड यांचा छापील कागद बंद पाकिटात समन्वयकांच्या कपाटात, आणि फेब्रुवारीत नवे आले की पासवर्ड बदलून नवं पाकीट.

आणि प्रत्येक गुरुवारी संध्याकाळी, बसमध्ये बसल्या बसल्या, पाच ओळी: किती आले, कोणता प्रश्न दिला, तो कितींना सुटला, काय बिघडलं, कोणतं मशीन बंद. उदाहरणार्थ: ‘१७ आले. फेरीबोटीचा प्रश्न. ११ जणांना सुटला. रांग मोडायची की नाही ते लिहायचं राहिलं. मशीन ९ चा कीबोर्ड गेलाय.’ तीन वर्षांनी क्लब चालवणाऱ्या मुलीला तुमच्या भाषणांपेक्षा ही ओळ जास्त कामाची.

नावाचं म्हणाल तर जुनंच ठेवा, आवडत नसलं तरी. ते कॉलेजच्या फाईलीत मंजूर झालेलं आहे. नवं नाव म्हणजे नवा प्रस्ताव, नवी मंजुरी, आणि पहिला गुरुवार चवथीच्या पलीकडे. लोगो ज्याला काढायचा त्याला काढू द्या, फक्त गुरुवारी साडेतीन ते पाचच्या दरम्यान नको.